गरोदरपणातल्या तपासणीला पगारी वेळ द्या: महाराष्ट्र विधिमंडळाला खुले पत्र

प्रति,
महाराष्ट्र विधानसभा व विधान परिषदेचे सर्व सन्माननीय सदस्य
आणि राज्याचा कामगार विभाग

विषय: गरोदर स्त्रीला वैद्यकीय तपासण्यांसाठी भरपगारी, तासावर घेता येणारी वेगळी रजा मिळण्याबाबत

सन्माननीय सदस्यहो,

सप्रेम नमस्कार.

मागणी आधीच लिहिते, म्हणजे सगळं पत्र वाचायला वेळ नसला तरी ती पोचेल. महाराष्ट्रात पगारावर काम करणाऱ्या प्रत्येक गरोदर स्त्रीला तपासण्यांसाठी एका गरोदरपणात किमान ३२ तासांची भरपगारी रजा मिळावी. ती प्रसूती रजेतून वजा होऊ नये, किरकोळ रजेत धरली जाऊ नये, दोन तास हवे असतील तर दोनच तास घेता यावी आणि कामाला लागल्याच्या पहिल्या दिवसापासून मिळावी. कायम, कंत्राटी, रोजंदारी, ट्रेनी असा भेद नको.

मी परिचारिका आहे. औद्योगिक वसाहतीला लागून असलेल्या एका शहरातल्या सरकारी दवाखान्यात, गरोदर मातांच्या ओपीडीत माझी नोकरी झाली आहे. आमच्याकडे येणाऱ्या बायकांत वायरिंगच्या लाइनवर बसणाऱ्या आहेत, पॅकिंगला उभ्या राहणाऱ्या आहेत, मॉलमध्ये साड्यांच्या घड्या घालणाऱ्या आहेत, कॉल सेंटरवाल्या आहेत. लातूर, नांदेड, वाशिम, बुलढाणा इथून नवऱ्याबरोबर आलेल्या, एका खोलीत संसार मांडलेल्या. घरात सासू नाही, आई गावाकडे. नवरा दुसऱ्या शिफ्टला.

"तपासणीला का नाही आलीस?" हे आम्ही रोज विचारतो. उत्तरही ठरलेलं असतं: "खाडा पडतो, सिस्टर."

एका खाड्याचा हिशेब तुमच्यापुढे मांडायला हवा, कारण तो पगाराच्या चिठ्ठीवर नीट दिसत नाही. एक दिवस गैरहजर राहिलं की त्या दिवसाचा रोज गेला, एवढंच ते नसतं. कितीतरी कारखान्यांत हजेरी भत्ता असतो. महिना पूर्ण भरला तर तो मिळतो, एक दिवस चुकला तर सगळाच जातो. त्यात सुपरवायझरची नाराजी, ओव्हरटाइमच्या यादीतून गळलेलं नाव आणि ठेकेदाराचं "पुढच्या महिन्यापासून बघू". पहिल्या तिमाहीत तर बाई गरोदर असल्याचं कामावर सांगतच नाही. सांगितलं तर कॉन्ट्रॅक्ट पुढे वाढणार नाही, ही भीती असते. म्हणजे ज्या महिन्यांत नाव नोंदवून पहिल्या तपासण्या व्हायला हव्यात, त्याच महिन्यांत तिला दवाखाना लपवावा लागतो.

कायद्यात रजा नाही, असं मी म्हणत नाही. १९६१ च्या मातृत्व लाभ कायद्यात २०१७ साली दुरुस्ती झाली आणि १२ आठवड्यांची रजा २६ आठवडे झाली. त्यातले आठ आठवडे बाळंतपणाआधी घेता येतात. २१ नोव्हेंबर २०२५ पासून कामगार संहिता लागू झाल्या आणि याच तरतुदी आता सामाजिक सुरक्षा संहितेच्या सहाव्या प्रकरणात आहेत. ही रजा आमच्या बायकांनी जिवापाड जपलेली असते. बाळंतपणाआधी घेतलेला प्रत्येक आठवडा बाळाजवळच्या दिवसांतून वजा होतो, म्हणून नववा लागेपर्यंत त्या कामावर जातात. तपासण्या मात्र दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यातच सुरू होतात. शेवटच्या आठ आठवड्यांची रजा त्या काळात काय कामाची?

गरोदरपणातून आजार उद्भवला तर वैद्यकीय दाखल्यावर आणखी एक महिना पगारी रजा मिळते. पण तपासणी म्हणजे आजार नव्हे. आजार होऊ नये म्हणून ती करायची असते. गर्भपात झाला तर सहा आठवड्यांची पगारी रजा आहे आणि ती असलीच पाहिजे. मग ज्या तपासण्यांमुळे कदाचित ते गरोदरपण टिकलं असतं, त्यांच्यासाठी अर्धा दिवससुद्धा का नसावा?

कायदा करणाऱ्यांना तपासण्या ठाऊक नव्हत्या असंही नाही. मालकानं बाळंतपणाआधीची व नंतरची देखभाल मोफत पुरवली नसेल, तर त्यानं ३,५०० रुपये वैद्यकीय बोनस द्यावा, असं कलमच आहे. हा आकडा २०११ पासून तेवढाच राहिला आहे, पण तो वेगळा विषय. तपासणीला पैसे लागतात हे कायद्यानं ओळखलं, वेळ लागतो हे मात्र लिहायचं राहून गेलं. तुकड्यातुकड्यानं पगारी वेळ देणं तर कायद्याला मुळीच नवं नाही. कामावर परतलेल्या आईला मूल १५ महिन्यांचं होईपर्यंत अंगावर पाजण्यासाठी दिवसातून दोनदा सुट्टी आहेच. बाळ पोटात असताना तसाच वेळ मागतो आहोत.

तपासणीला नेमका किती वेळ जातो, हे ओपीडीत बसल्याशिवाय कळत नाही. सकाळी केसपेपरची रांग. मग वजन, बीपी, लघवीची तपासणी, रक्त. मग डॉक्टर. मग गोळ्यांच्या खिडकीपुढे पुन्हा रांग. सोनोग्राफी असेल तर तिचा नंबर वेगळा, आणि पोटातल्या बाळाचं व्यंग पाहण्याची सोनोग्राफी साधारण अठरा ते वीस आठवड्यांतच करून घ्यावी लागते. ती उशिरा झाली आणि काही गंभीर निघालं, तर पुढच्या निर्णयाला वेळ उरत नाही. धनुर्वाताची दोन इंजेक्शनं चार आठवड्यांच्या अंतरानं. हिमोग्लोबिन फार कमी असेल तर गोळ्यांनी भागत नाही, शिरेतून लोह द्यावं लागतं आणि त्यासाठी काही वेळा पुन्हा पुन्हा यावं लागतं.

शुगरची तपासणी घ्या. ७५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यात विरघळवून प्यायला देतो आणि बरोबर दोन तासांनी रक्त घेतो. दोन तास म्हणजे दोनच तास. लवकर घेतलं तर त्या आकड्याला अर्थ नाही. ग्लुकोज प्यायलेल्या बायका बाकावर ओळीनं बसलेल्या असतात. कुणी ओढणीखाली कंपनीचं ओळखपत्र झाकलेलं असतं, कुणी शिफ्टच्या बसची वाट पाहत मोबाइलवर वेळ बघत असते. तासभर झाला की एकीची चुळबुळ सुरू होते. "सिस्टर, आता घ्या ना, तीनची शिफ्ट आहे." आम्ही थांब म्हणतो. थोड्या वेळानं बघावं तर बाक रिकामा असतो. तिचं पुढचं रक्त आमच्या हाती लागतं ते थेट आठव्या महिन्यात, आणि तोवर वाढलेल्या साखरेनं बाळावर जो परिणाम करायचा तो केलेला असतो.

प्रत्येक गरोदर स्त्रीजवळ माता-बाल संरक्षण कार्ड असतं. त्यात तपासण्यांचे रकाने आहेत: तारीख, किती आठवडे, वजन, बीपी, लघवीत प्रथिनं. असंच एक कार्ड एकदा माझ्या हातात आलं. पहिल्या रकान्यात नोंदणीची तारीख होती, बीपी ११०/७०. पुढचे रकाने कोरे. शेवटच्या रकान्यात माझ्याच सहकारी सिस्टरच्या अक्षरात १६०/११०. चेहऱ्यावर सूज, डोकं दुखतंय, डोळ्यांपुढे अंधारी येतेय म्हणून ती आली होती, तीही सुपरवायझरनं घरी पाठवलं तेव्हा. तिला लगेच मोठ्या रुग्णालयात हलवलं, सिझेरियन झालं, मूल दिवस भरायच्या बरंच आधी जन्मलं. माय-लेकरू दोघंही वाचली. पण ते कोरे रकाने भरलेले असते, तर बीपी वाढायला लागलं तेव्हाच कळलं असतं, औषध सुरू झालं असतं. "मधे का नाही आलीस?" हे तिला विचारणाऱ्यांत मीही होते. ते तिच्या कंपनीला विचारायचं होतं, आणि आता तुम्हाला विचारते आहे.

आपल्या राज्याची कामगिरी वाईट नाही, हे मी अभिमानानं लिहिते. २०१८ ते २० च्या सरकारी पाहणीत एक लाख जिवंत जन्मांमागे महाराष्ट्रात ३३ माता दगावल्या. देशाचा आकडा ९७ होता आणि आपल्यापुढे फक्त केरळ होतं. तरी २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात किमान चार तपासण्या झालेल्या माता सुमारे ७० टक्केच होत्या. म्हणजे दहातल्या तिघींच्या चारही झाल्या नाहीत, आणि जागतिक आरोग्य संघटना तर २०१६ पासून आठ तपासण्या सांगते आहे. त्याच सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या गरोदर स्त्रियांपैकी ४५ टक्क्यांहून अधिक रक्तक्षयी निघाल्या. या सगळ्याला कामाच्या वेळाच कारणीभूत आहेत असं मी म्हणणार नाही. अंतर, अज्ञान, घरचा विरोध, डॉक्टरांची वानवा ही कारणं आहेतच. पण त्यांतलं हे एक कारण असं आहे की ते दूर करायला नवं रुग्णालय बांधावं लागत नाही.

दर महिन्याच्या ९ तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात सरकारी दवाखान्यांमध्ये मोफत तपासणी होते. २०१६ पासूनचा हा उपक्रम खरोखर चांगला आहे. स्त्रीरोगतज्ज्ञ त्या दिवशी येतात, जोखमीच्या माता ओळखून कार्डावर तशी खूण केली जाते. ९ तारखेला रविवार किंवा सुट्टी असली तर शिबिर पुढच्या कामाच्या दिवशी घ्यायचं, असा नियम आहे. म्हणजे सुरक्षित मातृत्वाचा दिवस हा ठरवूनच कामाचा दिवस असतो. आरोग्य विभाग म्हणतो ९ तारखेला ये, कामगार विभागाच्या कायद्यात त्या दिवशी तिला सुटका नाही. एकाच सरकारच्या या दोन खात्यांनी एकदा समोरासमोर बसावं.

"आहे त्या रजेत भागवा" असं काही मालक सांगतात. राज्याच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यात वर्षाला आठ किरकोळ रजा आहेत, पण वीसपेक्षा कमी माणसं असलेल्या दुकानाला ते लागू नाही. कारखान्यांत पगारी रजा किमान दिवस भरल्यावरच हक्काची होते, १९४८ च्या कायद्यात ती अट २४० दिवसांची होती. ज्या मुलीला ठेकेदार सहा-सात महिन्यांनी थांबवतो आणि नव्या नावानं पुन्हा घेतो, तिचे ते दिवस कधी भरायचे? आणि आठ किरकोळ रजा तपासणीत संपवल्या तर मोठं मूल तापानं फणफणल्यावर तिनं काय करायचं?

ईएसआयमध्ये, म्हणजे कर्मचारी राज्य विमा योजनेत तरी सोय असेल, असं मलाही पूर्वी वाटायचं. २१ हजारांपर्यंत पगार असलेल्या कामगारांसाठी मालक ३.२५ टक्के आणि कामगार ०.७५ टक्के भरतो, प्रसूतीचा लाभही चांगला आहे. पण आजारपणाचा भत्ता पहिल्या दोन दिवसांसाठी मिळत नाही, आणि तपासणी तर एका सकाळीची असते. तिथेही ती निसटते.

बाहेर पाहिलं तर आपण फार मोठं काही मागतो आहोत असं वाटत नाही. युरोपीय समुदायानं १९९२ सालीच सदस्य देशांना बंधन घातलं की कामाच्या वेळेत तपासणी असेल तर गरोदर कामगार स्त्रीला पगार न कापता सोडावं. ब्रिटनमध्ये हा पगारी वेळ १९९६ च्या रोजगार हक्क कायद्यात आहे. फ्रान्समध्ये सक्तीच्या तपासण्यांना पगार कापता येत नाही, आणि नवऱ्याला किंवा जोडीदाराला तीन तपासण्यांना सोबत जाता येतं. अमेरिकेत तर देशभरासाठी पगारी प्रसूती रजेच्या नावानं ठणठणाट. तरी तिथल्या न्यूयॉर्क राज्यानं १ जानेवारी २०२५ पासून गरोदरपणातल्या तपासण्यांसाठी वर्षाला २० तासांची वेगळी पगारी रजा सुरू केली. खासगी कंपनी केवढीही लहान असो, बाई अर्धवेळ काम करत असो, रजा पहिल्या दिवसापासून, तासाच्या हिशेबानं. मालकाला आजाराचा तपशील विचारता येत नाही. मूल राहावं म्हणून चाललेले उपचारही तीत धरले आहेत. आपल्या आमदारांनी हा कायदा मुद्दाम वाचावा. आपण २० ऐवजी ३२ तास मागतो, कारण आपल्या रांगा लांब आहेत: आठ तपासण्या आणि प्रत्येकीला निदान चार तास.

पण या प्रश्नात महाराष्ट्राला बाहेर बघायची गरजच काय, असंही मला मनापासून वाटतं. गिरणी कामगार बायकांच्या प्रसूती लाभाचं विधेयक मुंबईच्या कायदेमंडळात आलं, तेव्हा २८ जुलै १९२८ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्याच्या बाजूनं बोलले. बाळंतपणाआधीच्या काळात आणि नंतरही आईला विश्रांती मिळणं राष्ट्राच्या हिताचं आहे, असं त्यांनी मांडलं. खर्चाचा भार बऱ्याच अंशी सरकारनं उचलायला हवा, पण बायकांकडून काम करून घेणारा मालकही त्यातून मोकळा सुटत नाही, हेही सांगितलं. १९२९ साली मुंबई इलाख्यात झालेला तो कायदा देशातला या प्रकारचा पहिला. पुढे संविधानाच्या ४२ व्या अनुच्छेदात प्रसूतीविषयक साहाय्याची जबाबदारी राज्यसंस्थेवर आली. ज्या सभागृहाची परंपरा तुम्ही सांगता, तिथेच बाळंतपणाआधीच्या दिवसांचा विचार पहिल्यांदा झाला होता.

आता मालकांचं म्हणणं. अशा रजा वाढवल्या तर आम्ही बायकांना घेणारच नाही, असं ते म्हणतात. ही धमकी म्हणून मी झटकून टाकत नाही. २६ आठवड्यांच्या पगाराचा भार एकट्या मालकावर पडल्यापासून मुलाखतीत "लग्न झालंय का?" हा प्रश्न वाढला, हे आमच्या बायकाच सांगतात. म्हणून हिशेब करून बघू. महिना १५ हजार पगार धरला, २६ दिवस, रोज आठ तास, तर तासाला साधारण ७२ रुपये पडतात. ३२ तासांचे झाले सुमारे २,३०० रुपये. वैद्यकीय बोनसपेक्षाही कमी. लहान दुकानदाराला तेही जड जात असतील तर महाराष्ट्र कामगार कल्याण मंडळाच्या निधीतून परतावा द्या, आणि ईएसआयमध्ये तपासणीच्या दिवसाचा लाभ असावा अशी शिफारस केंद्राला करा. भार वाटला गेला की "बायका नकोत" म्हणायला कारण उरत नाही. गैरवापराची शंका तर कुणी काढूच नये. कार्डावर आमचा शिक्का, तारीख आणि वेळ असते.

एका गोष्टीत मात्र सवलत नको. दवाखान्याची चिठ्ठी सुपरवायझरकडे जाऊ नये, फक्त कार्यालयात जमा व्हावी, आणि त्या तासांमुळे हजेरी भत्ता कापता येणार नाही हे कायद्यात स्पष्ट शब्दांत लिहिलेलं असावं. कायद्याप्रमाणे रजेवर असलेल्या गरोदर स्त्रीला कामावरून काढता येत नाही. पण तपासणीची गैरहजेरी कायद्यातली रजाच नसेल, तर ते संरक्षण तिच्या पाठीशी उभं राहील याची खात्री कुणी द्यायची? नावापुढे "गैरहजर" लागणं आणि "रजेवर" लागणं यावर नोकरी अवलंबून असते.

तुमच्या हातात काय आहे? प्रसूती लाभ हा विषय संविधानाच्या समवर्ती सूचीतल्या, म्हणजे केंद्र आणि राज्य दोघांनाही कायदा करता येणाऱ्या विषयांच्या यादीतल्या, २४ व्या नोंदीत नावानिशी आहे, त्यामुळे राज्य दुरुस्ती करून राष्ट्रपतींची संमती मागता येते. त्याला वेळ लागेल. दुकाने व आस्थापना कायदा तर आपला स्वतःचाच आहे. त्यातल्या रजेच्या कलमात ही रजा घाला, मॉल, हॉटेल, आयटी कंपन्या, शोरूम इथल्या बायकांना ती मिळू लागेल. आणि शासकीय कार्यालयं, महापालिका, रुग्णालयं इथे कंत्राटदारामार्फत काम करणाऱ्या सफाई कामगार, डेटा एन्ट्री ऑपरेटर, वॉर्डातल्या मावशी यांच्यासाठी तर विधेयकही लागत नाही. एक शासन निर्णय काढा आणि निविदेच्या अटींत ही रजा टाका. आमच्याच दवाखान्यात झाडू मारणारी गरोदर मावशी स्वतःच्या तपासणीसाठी रोज बुडवते, हे आम्हाला बघवत नाही.

उसतोड करणारी बाई या ३२ तासांत बसत नाही, हे मला माहीत आहे. नवरा-बायकोचा मिळून एक कोयता, उचल आधीच घेतलेली, आणि खाडा केला तर मुकादम दंड लावतो. तिला पगारी रजा कुणी द्यायची, याचं उत्तर या पत्रात मावणार नाही. पण गाळपाच्या हंगामात साखर कारखान्यांच्या परिसरात, तोडणी कामगारांच्या कोप्यांवर (झोपड्यांवर) जाऊन तपासणी करणं आणि त्या दिवसाचा दंड माफ करायला लावणं हे राज्याला जमण्यासारखं आहे. गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळानं ते अंगावर घ्यावं. घरकाम करणाऱ्या बायकांसाठी २००८ चा कायदा आणि मंडळ आहे, तिथूनही त्यांना तपासणीच्या दिवसाचा रोज देता येईल.

येत्या अधिवेशनात कुणीतरी एका सदस्यानं यावर अशासकीय विधेयक मांडावं किंवा निदान लक्षवेधी सूचना द्यावी. पक्ष कुठलाही असो. मसुदा करण्याआधी कामगार आणि आरोग्य या दोन्ही खात्यांच्या अधिकाऱ्यांनी एखाद्या ९ तारखेला औद्योगिक भागातल्या सरकारी ओपीडीत सकाळी नऊपासून बसावं, केसपेपर ते गोळ्या यांत किती तास गेले ते स्वतः मोजावं. ३२ तास कमी पडतात असं दिसलं तर आकडा वाढवा. चिठ्ठीचा नमुना, कार्डावर वेळेची नोंद कशी करायची, जोखमीच्या मातांना जादा तास किती लागतात, हे ठरवायला माझ्यासारख्या परिचारिका आणि आशाताई हवी ती मदत करतील. आम्हाला बोलवा.

कळावे.

आपली विश्वासू,
गरोदर माता तपासणी विभागातील एक परिचारिका